पंधरा वॅटचे दोन प्रोसेसर आणि अकोल्याचा मे महिना

प्रश्न : माझी मुलगी यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला जाते आहे. आम्ही अकोल्याजवळच्या एका गावात राहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुकानात दोन लॅपटॉप बाजूला काढून ठेवायला सांगितले आहेत. एकात इंटेलचा कोअर आय५-१३३५यू, १६ जीबी रॅम (८ आणि ८ च्या दोन पट्ट्या) आणि ४२ वॅट-अवरची बॅटरी आहे. दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी रॅम, एक स्लॉट रिकामा आणि बॅटरी ५४ वॅट-अवरची. हा दुसरा जरा जाड आहे, पण चार हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणतो, ‘इंटेलमध्ये दहा कोअर आहेत, रायझनमध्ये सहाच.’ पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणतो, ‘मावशी, रायझन वीज कमी खातो, डोळे मिटून घे.’ पण दोघांच्याही माहितीत १५ वॅटच लिहिलंय. मग वीज कमी खातो म्हणजे नेमकं काय? उन्हाळ्यात आमच्याकडे भर दुपारी वीज जाते, तेही धरून सांगा.
— एक शिक्षिका, अकोला जिल्हा

उत्तर : ताई, दोन्हींवर १५ वॅट लिहिलेलं असताना कमी-जास्त वीज कशी, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. तुमच्या पत्रातला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

१५ वॅट याचा अर्थ प्रोसेसर कायम तेवढीच वीज घेतो, असा नाही. इंटेलने बाराव्या पिढीपासून दोन आकडे छापायला सुरुवात केली, एक पायाभूत आणि एक कमाल. आय५-१३३५यूचा पायाभूत आकडा १५ वॅट आहे आणि कमाल ५५ वॅट. काम अंगावर पडलं की तो थोडा वेळ ५५ पर्यंत चढू शकतो आणि मग खाली येतो. किती वेळ वर राहायचं, खाली आल्यावर १५ वर थांबायचं की २० वर की २५ वर, हे इंटेल ठरवत नाही, लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. रायझन ७५३०यूचंही तसंच. १५ हा मूळ आकडा, आणि लॅपटॉप कंपन्या आपल्या मशीनची जाडी, पंखा आणि आतली तांब्याची नळी बघून तो वर-खाली करतात. म्हणून नुसतं ‘इंटेल की रायझन’ विचारून उत्तर मिळत नाही. नागपुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर तोच प्रोसेसर असलेली दोन मशीन शेजारी-शेजारी येतात आणि दहा मिनिटं ताण दिला की एक दमतं, दुसरं पळत राहतं.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. त्यांची मोजणी आधी बाजूला करू. आय५-१३३५यूचे दहा कोअर एकसारखे नाहीत. दोन मोठे आहेत, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे. आठ लहान आहेत, ३.४ पर्यंतचे, कमी जागा घेणारे. रायझनचे सहाही कोअर एकाच घडणीचे, ४.५ गिगाहर्ट्झपर्यंतचे. इंटेलचे लहान कोअर एकेकच थ्रेड (एका वेळी चालणारी कामाची रांग) चालवतात, मोठे आणि रायझनचे सहाही दोन-दोन, त्यामुळे विंडोजला थ्रेड दोन्हीकडे १२च दिसतात. ‘दहा विरुद्ध सहा’ ऐकून निर्णय घेऊ नका.

खरा फरक कोअरच्या घडणीत आहे. ७५३०यू हे नाव जानेवारी २०२३ मधलं, पण आतली झेन ३ ही घडण पहिल्यांदा बाजारात आली नोव्हेंबर २०२० मध्ये. इंटेलचे ते दोन मोठे कोअर त्यानंतरच्या घडणीचे आहेत. म्हणून ज्या कामात एकच कोअर राबतो, म्हणजे प्रोग्रॅम उघडणं, वेबपान चढणं, सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम कंपाइल करणं (यंत्राच्या भाषेत बदलणं), तिथे इंटेल पुढे असतो आणि हाताला ते जाणवतं. सगळे कोअर एकदम कामाला लागले आणि दोघांनाही सारखेच १५-२० वॅट मिळाले, की दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. इंटेलला ३५-४० वॅट पोचवणारा लॅपटॉप असेल, तर तो पुन्हा पुढे निघतो. मात्र त्याची किंमत विजेत मोजावी लागते.

ती किती, हे तुम्हाला फळ्यावर मांडता येईल. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा, ३ गिगाहर्ट्झवरून ४ वर जायला व्होल्टेज ०.९ वरून १.१ करावं लागलं. वेग १.३३ पट झाला. व्होल्टेजचा वर्ग साधारण १.४९ पट झाला. गुणाकार केला तर वीज जवळजवळ दुप्पट! तिसरा हिस्सा जास्तीच्या वेगासाठी दुप्पट वीज. प्रोसेसर कोणत्याही कंपनीचा असो, शेवटच्या टप्प्यातला वेग असाच महाग पडतो. पातळ लॅपटॉपला ५५ वॅट देऊन जाहिरातीत मिरवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी, कारण त्या वेगाचा मोठा भाग उष्णता होऊन पंख्यातून बाहेर जातो.

आता तुमच्या भाच्याच्या बोलण्याकडे येऊ. वीज कमी खाणं म्हणजे एका क्षणाला मीटरवर कमी वॅट दिसणं नव्हे. एक काम पूर्ण व्हायला एकूण किती ऊर्जा लागली, ते बघायचं. समजा, एक प्रोसेसर एखादं काम ३० वॅट घेऊन ६० सेकंदांत संपवतो, म्हणजे १८०० ज्यूल. दुसरा तेच काम १५ वॅटमध्ये ९० सेकंदांत करतो, म्हणजे १३५० ज्यूल. दुसरा किफायतशीर ठरला. पण तेवढा वेळ स्क्रीन, वाय-फाय आणि बाकीचा लॅपटॉपही चालू असतो. त्यांचे ५ वॅट धरा. पहिल्यात ३०० ज्यूल वाढले, दुसऱ्यात ४५०. एकूण २१०० आणि १८००. फरक उरला, पण कमी झाला. लवकर काम उरकून शांत बसणाराही काही वेळा स्वस्त पडतो, तो असा. भाच्याचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. रायझनचे या वर्गातले लॅपटॉप सहसा आवरून वीज घेतात. पण त्याच इंटेलला १५-२० वॅटवर बांधून ठेवलं, तर तोही काटकसरीनेच वागतो.

तुमच्या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या कामात मात्र असा ताण दिवसातून थोडाच वेळ येईल. पीडीएफ वाचणं, टाइप करणं, दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिणं, या वेळी कोणताही प्रोसेसर एक-दोन वॅटच्या आसपास रेंगाळतो आणि बहुतेक वीज स्क्रीन खाते. अख्ख्या लॅपटॉपची सरासरी ७ वॅट धरली, तर ४२ वॅट-अवरची बॅटरी ६ तास जाते आणि ५४ ची साधारण पावणेआठ तास. दुपारी वीज गेल्यावर हा पावणेदोन तासांचा फरक तुम्हाला थेट मिळतो. प्रोसेसरच्या काटकसरीवर वाद घालून एवढा फरक हाती लागणार नाही.

आता उन्हाचं. हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले आहे. परीक्षणांत जे आकडे तुम्ही वाचता, ते बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. नोटबुकचेक या संकेतस्थळाच्या परीक्षणात तर खोलीचं तापमानही छापलेलं असतं, ते जरूर बघा. आय५-१३३५यू १०० अंशांना पोचला की स्वतःचा वेग कापतो, रायझन ७५३०यू ९५ ला. हीटसिंकमधून (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांमधून) बाहेर जाणारी उष्णता ही चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. २२ अंशांच्या खोलीत इंटेलला ७८ अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात अकोल्यात बाहेर ४४-४५ आणि वीज गेलेल्या खोलीत ४० असेल, तर फरक उरतो ६० चा. म्हणजे जो लॅपटॉप थंड खोलीत २६ वॅटची उष्णता बाहेर फेकत होता, तोच तुमच्या घरी २० वॅटवर येईल. पंखा तोच, चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट तीच, फक्त हवा गरम. परदेशातल्या परीक्षणात इंटेल जिंकलेला दिसतो तो वरच्या वॅटमुळे, आणि ते वॅटच तुमच्या खोलीत टिकणार नाहीत. विदर्भ-खानदेशच्या वाचकांनी लॅपटॉपची जाडी कमीपणाची मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. थोडं जाड मशीन म्हणजे बहुतेक वेळा मोठा पंखा आणि मोकळी हवा. तरी दुकानात तो पालथा घालून मागच्या जाळ्या बघाच.

दुकानदार तयार असेल, तर दोन्हींवर प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी लावायला सांगा. सोबत एचडब्ल्यूइन्फो हा वॅट आणि तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून प्रोसेसर शेवटच्या मिनिटांत किती वॅट घेतो आहे ते टिपून घ्या. पहिल्या मिनिटातला आकडा सोडून द्या, टिकणारा आकडा तोच तुमचा. घरी प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर मोजणार असाल, तर बॅटरी आधी पूर्ण भरू द्या, नाहीतर चार्जिंगची वीजही त्यात मोजली जाईल.

एका बाबतीत इंटेलचं पारडं जड आहे, ते लपवणार नाही. युट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ या पद्धतीने दाबून लहान करून पाठवतं. ते उलगडायची सोय १३३५यूच्या ग्राफिक्समध्ये आहे, ७५३०यूच्या जुन्या वेगा ग्राफिक्समध्ये नाही. असा व्हिडिओ रायझनवर लागला की ते काम कोअरना करावं लागतं आणि बॅटरी जास्त उतरते. मुलगी एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) व्याख्यानं बघणार असेल, तर व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. कोडेकपुढे, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या पद्धतीपुढे, ‘एव्ही०१’ अशी अक्षरं असतील तर तो एव्ही१, ‘व्हीपी०९’ असेल तर रायझनलाही तो सोपा जातो.

सगळं धरून माझं मत रायझनच्या बाजूने पडतं, आणि त्याचं कारण प्रोसेसर नाही. बॅटरी मोठी आहे, मशीन मोकळं आहे, आणि रिकामा स्लॉट आहे. वाचलेल्या चार हजारांतून दुसरी ८ जीबीची पट्टी घ्या, आधीच्याच प्रकारची आणि वेगाची. रॅमचे भाव सारखे बदलतात, तेव्हा लॅपटॉप घ्यायच्या आधी पट्टीची किंमत विचारा. ती चार हजारांच्या फार वर गेली आणि इंटेलच्या मशीनची हवा खेळती दिसली, तर इंटेल घ्यायला माझी हरकत नाही. ८ जीबीवर मात्र वर्ष काढायला लावू नका. ब्राउझर, कोड एडिटर आणि व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) एकत्र उघडलं की ८ जीबी भरतात आणि मग कोणताही प्रोसेसर रॅमपेक्षा हळू असलेल्या एसएसडीकडे (फायली साठवायच्या जागेकडे) तोंड करून थांबून राहतो.

घरी आणल्यावर बॅटरीवर असताना विंडोजच्या पॉवर मोडमध्ये ‘बेस्ट पॉवर एफिशिअन्सी’ निवडा. गादीवर ठेवून वापरू देऊ नका. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या ओलसर हवेबरोबर जाणारी धूळ हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखी बसते. मे-जूनमध्ये ‘लॅपटॉप आपोआप बंद पडतो’ म्हणून येणाऱ्या मशीनमधून मी तीच काढत असते. मार्चमध्ये एकदा उघडून साफ करून घ्या.

प्रश्न : माझ्या आणि रूममेटच्या लॅपटॉपमध्ये एकच प्रोसेसर आहे, आय५-१२३५यू. तरी त्याच्याकडे गेम नीट चालतो, माझ्याकडे अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याचं ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ दिसतं, माझं ‘यूएचडी’. मला दुसराच प्रोसेसर लावून दिलाय का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही रे, फसवणूक झालेली नाही. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघड आणि ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे काय लिहिलंय ते बघ. ‘२ पैकी १’ असणार, असं मला पत्रावरूनच वाटतं.

या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ते तुझ्याच रॅममधून ओढतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट देऊ शकते. दोन पट्ट्या दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांवर, लावल्या की ५१.२. प्रोसेसरच्या बाकीच्या कामांना हा फरक थोडा जाणवतो, ग्राफिक्सला मात्र खूप. म्हणूनच इंटेलने नियम ठेवला आहे, दोन चॅनेल भरलेले असतील तरच ‘आयरिस एक्सई’ हे नाव दाखवायचं, नाहीतर ‘यूएचडी’. चिप तीच.

दुसरी पट्टी लाव, नाव आपोआप बदलेल आणि गेमही सुधारेल. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डावरच डकवलेली असते आणि स्लॉट एकच असतो, तिथे बोर्डावर ८ असेल तर ८ चीच पट्टी घाल. काहींत स्लॉटच नसतो. म्हणून विकत घेण्याआधी मॉडेल नंबरवरून कंपनीच्या पानावर खात्री करून घे.

पट्टी लावूनही तुझा मागे पडला, तर दोघांचे वॅट मोजा. आय५-१२३५यूलाही १५ ते ५५ एवढी मोकळीक आहे आणि वरच्या उत्तरात लिहिलं तसं, त्यातले किती द्यायचे ते लॅपटॉप कंपनीने ठरवलेलं असतं. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा मोजा. काही मशीन बॅटरीवर मुद्दाम हळू चालतात. तो दोष नाही, तुझे दोन तास वाचावेत म्हणून केलेली सोय आहे.

प्रश्न : निवृत्तीनंतर लिखाणासाठी लॅपटॉप घेतो आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ५६२५यू असे दोन पर्याय आहेत. ७५२० हा आकडा मोठा, म्हणजे तो नवा आणि वेगवान, असं विक्रेत्याचं म्हणणं. हे बरोबर का?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : काका, नवा हे बरोबर, वेगवान हे नाही. एएमडीने २०२२ च्या सप्टेंबरात नावांची नवी रीत लावली. त्यात पहिला आकडा वर्षाचा, आणि आतल्या घडणीचा आकडा तिसरा. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जी २०१९ पासूनची घडण आहे. कोअर चार, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ४ एमबी. ५६२५यू जानेवारी २०२२ चा, जुन्या रीतीच्या नावाचा, पण आत झेन ३, सहा कोअर आणि १६ एमबी कॅश. जड कामात ५६२५यू सरळ पुढे आहे. दोघांनाही ‘रायझन ५’ म्हणून विकणं मला गिऱ्हाइकावर अन्यायाचं वाटतं, आणि हे मी दुकानदारांशीही बोलत असते. इंटेलकडेही बघून घ्यावं लागतं. २०२४ चा कोअर ५ १२०यू नावाने नवा दिसतो, पण आत त्याची रचना वर सांगितलेल्या १३३५यूसारखीच आहे, दोन मोठे आणि आठ लहान कोअर, फक्त वेग थोडा चढा.

तुमचं काम लिखाणाचं आहे. त्यासाठी ७५२०यूही पुरतो, आणि तो ६ नॅनोमीटरच्या बारीक घडणीच्या तंत्राने बनलेला, हलक्या कामात वीज जपून वापरणारा आहे. अडचण रॅमची. त्याच्याबरोबर चालणारी एलपीडीडीआर५ रॅम बोर्डावरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. दुकानात दिसणारं मशीन ८ जीबीचं असेल आणि ५६२५यूच्या मशीनमध्ये स्लॉट असेल, तर ५६२५यू घ्या. ७५२०यू १६ जीबीत आणि बऱ्याच कमी किमतीत मिळत असेल, तर तो घ्यायला हरकत नाही. दोन्हींत देवनागरी टायपिंग सारखंच चालेल. त्यामुळे दुकानात जास्त वेळ कीबोर्डवर घालवा. एखादं पानभर लिहून बघा, कळा बोटांना सुखाच्या वाटतात का आणि स्क्रीनवरचं अक्षर चष्म्यातून स्पष्ट दिसतं का, ते बघून मगच पैसे द्या.